मावशीचा पिंजरा

खानापूरच्या मावशीला डोक्याच्या एमआरआयसाठी बेळगावला नेलं होतं. तोंडावर जाळीदार टोप येणार म्हटल्यावर ती घाबरली. "पिंजऱ्यात घालतंय व्हय रे मला? किरणं मेंदूत गेली म्हंजे?"

एक्स-रेसारखी किरणं यात नसतातच. असतात त्या रेडिओलहरी. १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्रात सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या, ३ टेस्लाच्या यंत्रात १२८च्या. आपल्या एफएमची ८८ ते १०८ची पट्टी या दोन्हींच्या मधे. मावशीचा 'पिंजरा' मात्र अचूक होता. सेसिल हेज आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली मांडलेल्या या कॉइलचं, म्हणजे टोपातल्या रेडिओलहरींच्या एरियलचं, नावच 'बर्डकेज', पक्ष्याचा पिंजरा.

शरीरातल्या पाण्यातली हायड्रोजनची केंद्रकं चुंबकात भोवऱ्यासारखी डुलतात. त्याच वारंवारतेची लहर दिली की ती कलतात आणि मग क्षीण उत्तर देतात. ते टिपायला एरियल डोक्याला खेटूनच लागते.

पण लहर डोक्यात सगळीकडे सारखी पोचायला हवी, नाहीतर चित्र एकीकडे उजळ, दुसरीकडे काळं. साध्या वेटोळ्याला हे जमत नाही. पिंजऱ्यात तांब्याची दोन कडी, त्यांना जोडणाऱ्या समजा १६ दांड्या, आणि ठरलेल्या जागी कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे छोटे भाग. कपॅसिटर असे निवडतात, की कड्याभोवतीच्या एका फेऱ्यात प्रवाहाची बरोबर एकच लाट मावावी. मग एका दांडीत प्रवाह सर्वांत जास्त वर जात असेल, तर समोरच्या दांडीत तेवढाच खाली, आणि पाव फेऱ्यावर शून्य. चढउतार असा कोसाइनचा असला की आतलं क्षेत्र जवळजवळ एकसारखं होतं. शिवाय ९० अंशांवरच्या दोन जागी, पाव आवर्तनाच्या फरकाने वीज दिली की ते क्षेत्र फिरू लागतं, केंद्रकं डुलतात त्याच दिशेने. इतकं सुंदर गणित तांब्याच्या पट्ट्यांत उतरलेलं मला दुसरीकडे क्वचितच दिसलं आहे.

लहानपणी सांगली आकाशवाणी लावताना रेडिओजवळ हात नेला की स्टेशन सरकायचं. खारट पाण्याने भरलेलं डोकंही पिंजऱ्याचं ट्यूनिंग तसंच हलवतं. म्हणून कपॅसिटर बसवताना डोकं आत आहे असं धरूनच बसवतात.

मावशी गळ्यातला ताईत काढेना. ताईताने दुखणं जात नाही. त्यातलं लोखंड चुंबक ओढतो आणि धातू रेडिओलहरींत तापून चटका देऊ शकतो. 'चुंबकीय गादी'ने आजार ओढून काढणाऱ्यांची जाहिरातही तितकीच पोकळ आहे.

आता उत्तर ऐकायला बहुधा अनेक छोटी वेटोळी डोक्याभोवती मांडतात. शेजारच्या वेटोळ्यांनी एकमेकांचं ऐकू नये म्हणून ती थोडी एकमेकांवर चढवतात, नेमकी इतकी, की एकाचं दुसऱ्यातून जाणारं क्षेत्र बेरजेत शून्य व्हावं.

मावशीच्या टोपावर एक लहान तिरका आरसा होता. त्यात तिला स्वतःची पावलं आणि पलीकडचं दार दिसत राहिलं, आणि ती वीस मिनिटं हलली नाही.