सुभेदार रामजी सकपाळ : महूच्या छावणीपासून परळच्या चाळीपर्यंत

१४ एप्रिल जवळ आला की बाबासाहेबांचा जन्म १८९१ सालचा, महूचा, हे सगळीकडे सांगितलं जातं. मूळ गाव मात्र रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. कोकणातल्या घरातलं चौदावं मूल इतक्या लांब मध्य भारतात का जन्मलं, याचं उत्तर वडिलांच्या नोकरीत आहे. रामजी मालोजी सकपाळ लष्करात होते आणि त्या वेळी त्यांचा मुक्काम महूच्या छावणीत होता. बाबासाहेबांवर आपण भरभरून बोलतो. या फौजी बापाची आठवण मात्र एका ओळीत उरकली जाते, आणि ते मला नेहमी खटकतं.

मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई कंपनी सरकारच्या काळापासून होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर शेवटी 'नाक' असलेली नावं कोरलेली आहेत, ती याच शिपायांची. रामजींचे वडील मालोजी फौजेत होते. पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या, आणि तेही घराणं लष्करातलंच. गावात ज्यांना पाणवठ्यावर पाय ठेवू देत नसत, त्यांना पलटणीत गणवेश, हुद्दा आणि पेन्शन मिळत होती. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट मिळाली ती शाळा. देशी शिपायांना आणि त्यांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, फौजेत शिकावंच लागे. दिवसाची शाळा पोरांसाठी, रात्रीची मोठ्यांसाठी. या शाळांना मास्तर मिळावेत म्हणून पुण्यात शिक्षक घडवण्याची सोय केली होती. रामजी तिथे शिकले आणि पुढे चौदा वर्षं लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. त्यांची सुभेदारी अशी खडू-फळ्यासमोर गेली.

मग वारं फिरलं. अमक्या जाती लढवय्या आणि तमक्या नाहीत, असा सिद्धांत साहेबाच्या डोक्यात शिरला आणि १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनी या सरकारसाठी रक्त सांडलं, त्यांच्या नातवंडांना भरतीच्या दारातून परत पाठवायला लागले. पेन्शनर गप्प बसले नाहीत. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त हवालदार, त्यांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. रामजीही न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले आणि सरकारकडे करायच्या अर्जाला त्यांची मदत घेतली. उपयोग झाला नाही.

रामजींच्या पुढच्या आयुष्याकडे मी या बंद दारातून बघतो. त्यांच्या वडिलांना पोराला पलटणीत घालता आलं, त्यांना स्वतःला ते करता येणार नव्हतं. देण्यासारखं उरलं होतं ते पुस्तक.

निवृत्तीनंतर कुटुंब आधी दापोलीला, मग साताऱ्याला आलं. साताऱ्यात भीमाबाई गेल्या. घर सांभाळलं मीरा आत्याने, रामजींच्या बहिणीने. छावणीबाहेर हुद्द्याला काय किंमत होती, ते इथे कळलं. न्हावी पोरांच्या केसांना हात लावत नसे, पोरांची थोरली बहीणच केस कापायची. पुढे दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तिथे खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रामजी खजिनदार झाले. १९०१ च्या उन्हाळ्यात त्यांनी मुलांना बोलावून घेतलं. येत असल्याचं मुलांचं पत्र नोकराच्या विसरभोळेपणामुळे रामजींपर्यंत पोचलंच नाही, त्यामुळे मसूर स्टेशनावर न्यायला कोणी आलं नाही. नवे कपडे, जरीच्या टोप्या घातलेली ही मुलं महार आहेत असं कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवान तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी पोरांनी स्वतः हाकायची या अटीवर. रात्रभर पाण्याचा थेंब कोणी दिला नाही. नऊ-दहा वर्षांच्या भीमरावांच्या मनावर तो प्रवास कोरला गेला. सुभेदाराची मुलं म्हणून कोणी वेगळी वागणूक दिली नाही.

घरातली शिस्त मात्र लष्करी. रामजी कबीरपंथी होते. संध्याकाळी भजन, अभंग, दोहे, आणि त्यातून कोणालाही सुटका नसे. महाभारत-रामायणही वाचून घेत. हे आपण का वाचायचं, असं भीमरावांनी विचारलं तेव्हा रामजींनी दिलेलं उत्तर बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवलं आहे. आपण अस्पृश्य, आपल्या मनात कमीपणा घर करून बसण्याची भीती मोठी. द्रोण, कर्ण साध्या परिस्थितीतून किती उंचीला गेले ते बघा, वाल्मीकी तर कोळी होता. बाबासाहेबांना ते उत्तर पटलं नाही. पण उलट प्रश्न विचारायची मोकळीक त्या घरात होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग मुंबई. परळच्या डबक चाळीतली एक खोली. त्यात जातं, शेळी, भांडीकुंडी आणि सगळी माणसं. हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतराची पुस्तकं रामजींनी पोराकडून आधीच घोटून घेतली होती. आता सगळे झोपले की म्हातारा जागा राही, आणि रात्री दोनला भीमरावांना उठवून दिव्याखाली बसवी. पुस्तक हवं झालं आणि हातात पैसे नसले, तर मुंबईत दिलेल्या मुलीच्या घरी जाऊन उसने मागायचे. तिच्याकडेही नसले तर लग्नात तिला घातलेला दागिना घेऊन गहाण टाकायचा आणि पेन्शन झाली की सोडवून आणायचा. मुलीने दर वेळी दागिना काढून दिला. या शिक्षणात तिचाही वाटा आहे.

बाप-लेकात सगळं गोड होतं असं नाही. रामजींनी दुसरं लग्न केलं, ते भीमरावांना आवडलं नाही. आईचे दागिने दुसऱ्या बाईच्या अंगावर बघून त्यांना त्रास व्हायचा. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला. इंटरनंतर सुभेदारांची ताकद संपली, तेव्हा केळुसकर गुरुजींच्या शब्दावर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना २५ रुपये सुरू केले आणि कॉलेज पुरं झालं.

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परतताना बाबांसाठी मिठाई घ्यायला ते सुरतेला उतरले, तेवढ्यात गाडी सुटली. मुंबईला पोचायला उशीर झाला. रामजींचा जीव मुलासाठी अडकून होता. मुलगा आला, पाठीवरून हात फिरला आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोचले.

दहा वर्षांनी, १९२३ मध्ये, रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध लंडनमध्ये छापला गेला. तो आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण आहे. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी केलेला त्याग आणि दाखवलेली दृष्टी यांबद्दलची कृतज्ञता, असा त्या अर्पणाचा आशय आहे.

भरतीचा प्रश्नही घराण्याने सोडला नव्हता. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा सरकारने १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले आणि स्वतंत्र महार पलटणीचा आग्रह त्यांनी तिथे धरला. त्याच ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही भारतीय सैन्यात आहे.