गाडीत रोल केज आणि हार्नेस बसवायचाय? आधी आरसी बुक उघडा

रोल केज म्हणजे गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आत बसवलेला नळ्यांचा सांगाडा, आणि हार्नेस म्हणजे शर्यतीच्या गाडीतला अनेक पट्ट्यांचा सीटबेल्ट. पण 'रोल केजची परवानगी' नावाचा अर्ज आरटीओच्या कुठल्याच खिडकीवर मिळत नाही. आहे ते मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२, म्हणजे गाडीतल्या बदलांबद्दलचे. त्यामुळे केज चालतो का असे विचारले की गॅरेजवाला म्हणतो 'चालतंय की', एजंट म्हणतो 'बघू, करून घेऊ', आणि दोघांच्याही बोलण्याची पावती मिळत नाही.

कलम ५२ चे म्हणणे असे, की आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. आता आरसी काढून बघा. त्यावर रिकाम्या गाडीचे वजन आहे, आसनक्षमता आहे. ४५ मिलिमीटर व्यासाचा, अडीच मिलिमीटर जाडीचा स्टीलचा पाईप मीटरला अडीच किलोहून जास्त भरतो. पूर्ण केजला पंचवीसेक मीटर पाईप लागला, तर साठ-पासष्ट किलो वाढलेच. मागची बाके काढून तिथे तिरक्या नळ्या टाकल्या की आसनक्षमताही गेली. 'आतल्या आत तर आहे, कोणाला दिसतंय' हा युक्तिवाद इथेच संपतो.

परवानगीशिवाय बदल केल्यास कलम १८२अ (४) प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच कलम ५२ मध्ये चौदा दिवसांत बदल कळवण्याची तरतूद आहे. पुष्कळजण ती 'आधी करा, मग सांगा' अशी वाचतात. ती पळवाट नाही. मुळात जो बदल करताच येत नाही, तो कळवल्याने कायदेशीर होत नाही.

म्हणून क्रम उलटा ठेवा: पाईप घेण्याआधी अर्ज. ज्या आरटीओच्या हद्दीत राहता, तिथल्या नोंदणी अधिकाऱ्याच्या नावाने साधे पत्र लिहा. गाडीचा क्रमांक, चेसिस क्रमांक, काय बसवणार, कुठे बसवणार, पाईपचे माप, अंदाजे वाढणारे वजन, आसने कमी होणार की नाही आणि कशासाठी हवे, एवढे त्यात असावे. सोबत केजचे रेखाचित्र जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी होकार बदलीबरोबर निघून जातो.

होकार आला तर पुढचे काम परिवहनच्या वाहन पोर्टलवर होते. गाडीचा क्रमांक, चेसिसचे शेवटचे पाच आकडे, मोबाईलवरचा ओटीपी, वाहनातील बदलाची सेवा निवडणे, शुल्क भरणे, मग छापील अर्ज घेऊन गाडी पासिंगला. बरोबर मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, मंजुरीचे पत्र, केज आणि हार्नेसची बिले, आणि बसवल्यानंतरची वजनकाट्याची पावती. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आधी आणा. हप्ते चालू असताना परस्पर बदल करता येत नाही.

नकार आला तर? रोज रस्त्यावर फिरणाऱ्या खासगी गाडीसाठी नकाराचीच शक्यता जास्त धरा. मग गाडी फक्त स्पर्धेची ठेवायची आणि फ्लॅटबेडवरून, म्हणजे सपाट ट्रकवर चढवून न्यायची, हा बऱ्याच जणांचा मार्ग आहे. कायद्याचा प्रश्न त्याने पुरता सुटत नाही, पण रस्त्यावरची जोखीम तरी टळते. २०२० च्या थारच्या सॉफ्ट टॉपसारख्या गाडीत कंपनीचाच केज येतो. तो मूळ मंजुरीचाच भाग, त्याला वेगळे काही लागत नाही. त्यावर स्वतःच्या नळ्या वेल्ड केल्या की मात्र पुन्हा कलम ५२ आले.

आता स्पर्धेची बाजू. भारतात मोटरस्पोर्टचे काम चेन्नईची एफएमएससीआय ही संघटना बघते. पावसाळ्यात गोव्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या ऑफ-रोड स्पर्धेत उतरायचे तर आधी त्या स्पर्धेची नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचा. स्पर्धकाचे लायसन्स लागते. त्यासाठी वयाचा पुरावा, ड्रायव्हिंग लायसन्स, फोटो आणि डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला तयार ठेवा. गाडीची तपासणी वेगळी होते, आणि तिथे तुमच्या फॅब्रिकेटरचे, म्हणजे केज बनवणाऱ्याचे, खरे मार्क कळतात.

केज साधारणपणे एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संस्थेच्या परिशिष्ट 'जे' मधल्या अनुच्छेद २५३ वर पारखला जातो. पाईप कोल्ड ड्रॉन (थंड अवस्थेत ओढून बनवलेला), विनाजोड कार्बन स्टीलचा, ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. सीटमागची मुख्य कमान ४५ × २.५ किंवा ५० × २.० मिलिमीटर (व्यास × जाडी), बाकीच्या नळ्या ३८ × २.५ किंवा ४० × २.०. कमानीच्या पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाड, १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी, आणि प्रत्येक पायाला किमान तीन एम-८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे. पाईपच्या बिलावर हा तपशील लिहून घ्या. 'एमएस पाईप, ४ नग' असले बिल तपासणीत काही कामाचे नाही.

माझ्या एका मित्राच्या जिप्सीचा केज रंगवून झाल्यावर मी बघायला गेलो. काळाभोर, चकचकीत, बघत राहावे असा. व्हर्नियर (जाडी-व्यास मोजायची पट्टी) लावला तर सरळ भागात माप बरोबर, पण वाकवलेल्या जागी नळी चपटी झालेली आणि आतल्या अंगाला बोटाला लागतील अशा चुण्या. शिवाय सीटमागच्या कमानीच्या पायाचे बोल्ट नुसत्या पत्र्यात, खाली पट्टीच नाही. गाडी उलटली असती तर तो पाय पत्रा फाडून खाली गेला असता. सगळे कापून नव्याने करावे लागले. रंग देण्याआधी केज बघायला जा, एवढेच सांगेन.

हार्नेसचे गणित वेगळे. त्याच्यावर एफआयए ८८५३-२०१६ या मानकाचे लेबल आणि वापराची मुदत असते. ऑनलाईन स्वस्तात मिळणारे रंगीत पट्टे बहुतेकदा नुसती शोभा. खांद्याचे पट्टे सीटच्या वरच्या कडेपासून मागे जाताना ४५ अंशांहून जास्त खाली उतरता कामा नयेत, १० अंशांच्या आत उत्तम. म्हणूनच केजला खांद्याच्या उंचीवर आडवी नळी लागते. पट्टे थेट फ्लोअरला बांधले तर धडकेत ते पाठीचा कणा खाली दाबतात. सीटला किंवा सीटच्या पायांना हार्नेस अडकवायचा नाही, हाही नियमच. कमरेचा पट्टा ओटीपोटावर नको, कमरेच्या हाडांवर घट्ट हवा.

केजशिवाय नुसता हार्नेस लावू नका. साध्या बेल्टमध्ये गाडी उलटली की अंग थोडे बाजूला कलते. हार्नेसमध्ये तुम्ही ताठ बसलेले असता आणि खाली येणारे छत थेट डोक्यावर. उलट केज आहे पण डोक्याला हेल्मेट नाही, तर शहरातल्या साध्या ठोकरीतही तीच नळी कपाळमोक्ष करील. नळीवर फोम लावला तरी. म्हणून रस्त्यावर कंपनीचा तीन-बिंदू बेल्ट काढू नका, तोच लावा. सीटबेल्ट नसल्याचा दंड कायद्यात १,००० रुपये आहेच, आणि हार्नेस दाखवून हवालदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या. नेहमीच्या खासगी कारच्या पॉलिसीत आयोजित शर्यती आणि वेगचाचण्या बाहेरच असतात, तेव्हा स्पर्धेतले नुकसान त्यातून मिळेल असे धरू नका.

शेवटची फाईल: बसवण्याआधीचे फोटो, बिले, आवक शिक्क्याचे पत्र. काढलेली बाके, मूळ बेल्ट आणि त्यांचे बोल्ट पिशवीत चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नूतनीकरणाला गाडी पासिंगला उभी राहिली की इन्स्पेक्टर आरसीवरची आसने मोजतो.