फायर एनओसी (महाराष्ट्र)

इमारतीतली आग रोखण्याची आणि विझवण्याची व्यवस्था नियमाप्रमाणे आहे, असा अग्निशमन दलाचा दाखला. कागदोपत्री नाव ‘अग्निशमन ना-हरकत प्रमाणपत्र’. त्यामागचा कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. तो 6 डिसेंबर 2008 पासून लागू झाला. तांत्रिक अटी बऱ्याचशा राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागातून घेतलेल्या असतात.

एनओसी दोन टप्प्यांत मिळते. नकाशे मंजूर होताना तात्पुरती. यंत्रणा बसवून, चालवून दाखवल्यावर अंतिम. अंतिम हातात नसेल तर भोगवटा प्रमाणपत्र अडते, म्हणून तोवर बिल्डर जातीने लक्ष घालतो. यंत्रणा बसवणारा कंत्राटदार परवानाधारक असावा लागतो. काम झाल्यावर तो ‘फॉर्म ए’ देतो.

खरी गोम त्यानंतर सुरू होते. यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे, आणि तसे सांगणारा परवानाधारक एजन्सीचा ‘फॉर्म बी’ दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. गृहनिर्माण सोसायटीत हे ओझे बहुधा सेक्रेटरीच्या गळ्यात पडते. फॉर्मवर सही होते. पंपाच्या खोलीत मात्र पॅनेलचा खटका ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर असतो, कारण गळक्या व्हॉल्व्हमुळे पाइपातला दाब टिकवणारा छोटा ‘जॉकी पंप’ रात्रभर चालू-बंद होतो आणि तळमजल्यावरच्यांची झोपमोड होते. रेफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेत, सायकली; होजरीलच्या, म्हणजे आग विझवायच्या गुंडाळलेल्या नळीच्या, पेटीत झाडू. तपासणीत असे काही सापडले की अग्निशमन अधिकारी नोटीस देतो. तरीही सुधारणा झाली नाही तर वीज-पाणी तोडण्याची आणि इमारत सील करण्याचीही तरतूद आहे.

मुंबईत 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली, तेव्हा 14 जण दगावले. स्वच्छतागृहात आसरा घेतलेले कित्येक जण धुराने गुदमरले. त्यानंतर शहरभर हॉटेलांची तपासणी आणि पाडापाडीची मोहीम निघाली.

एनओसीनंतर होणारे अंतर्गत सजावटीचे काम हा वेगळाच घोळ. दुकानदार नवे फॉल्स सीलिंग लावतो, सुतार ते स्प्रिंकलरच्या, म्हणजे आग लागताच छतातून पाणी फवारणाऱ्या तोटीच्या, खालून नेतो. मंजूर नकाशात स्प्रिंकलर दिसतो. खोलीत उभे राहून वर पाहिले तर नुसता पांढरा जिप्सम.