स्त्रीलिखित रहस्यकथा : बडोद्याच्या संदर्भात

गुन्हा, त्याचा तपास आणि उलगडा यांवर स्त्रियांनी लिहिलेले कथासाहित्य. ॲना कॅथरिन ग्रीन या अमेरिकन लेखिकेची ‘द लेव्हनवर्थ केस’ ही कादंबरी १८७८ साली निघाली, तेव्हा शेरलॉक होम्स वाचकांपुढे यायला नऊ वर्षे अवकाश होता. पुढे १८९७ मध्ये ग्रीनबाईंनी शेजारच्या घरावर बारीक नजर ठेवणारी अविवाहित प्रौढा शोधकाच्या जागी आणली. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल त्याच वळणाची. ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधखान्यात काम केले होते, त्यामुळे विषाची मात्रा आणि परिणाम यांबाबत तिचा हात सहसा चुकत नाही. अमेरिकन लेखिका पॅट्रिशिया हायस्मिथने १९५० पासून खुनी कोण यापेक्षा साधा माणूस खुनापर्यंत कसा पोचतो, याचा माग घेतला.

मराठीत रहस्यकथा घरोघरी नेली ती बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांनी. बडोद्यात (वडोदरा) बायकांच्या हाती पुस्तके पडावीत याची सोय संस्थानानेच केली होती. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे विणले, फिरत्या पेट्यांतून गावोगाव पुस्तके धाडली. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी वेगळा विभाग होता. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी कुटुंबांच्या वाचनाला त्याचा मोठा आधार मिळाला.

स्त्रियांच्या रहस्यकथेचे खरे बळ घराच्या माहितीत आहे. किल्ल्या कुणाच्या कमरेला, दूध कोण तापवते, मागच्या दाराने कोण येते, हे तिथे पुराव्याइतके मोलाचे ठरते. सुजाता मॅसी यांच्या २०१८ च्या कादंबरीतील वकील पर्वीन मिस्त्री १९२१ च्या मुंबईत पडदानशीन विधवांशी थेट बोलू शकते. पुरुषाला तिथे प्रवेशच नाही, आणि कथानक सगळे त्यावर उभे आहे.

या दृष्टीने बडोद्याचा विषप्रयोग खटला विलक्षण ऐवज आहे. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट (संस्थानातले ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी) कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोनतीन घोट घेतले. मळमळू लागले म्हणून उरलेले फेकून दिले, तर पेल्याच्या बुडाशी काळसर गाळ दिसला. तपासणीत सोमल (आर्सेनिक) हे विष निघाले. आरोप बडोद्याचे तेव्हाचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला. चौकशीचा सारा डोलारा रेसिडेन्सीच्या नोकरचाकरांच्या जबान्यांवर होता आणि त्यांत अमिना ही आया महत्त्वाची साक्षीदार. रात्री गाडीतून राजवाड्यात गेल्याचे तिने सांगितले. ती गेली तेव्हा काय बोलणे झाले, तिला कशाची भीती होती, कशाची आशा होती, हे एखाद्या मराठी लेखिकेने आतून लिहावे, इतके ते जिवंत आहे. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या सहा जणांच्या चौकशी आयोगातल्या तीन इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी धरले. ग्वाल्हेरचे महाराज शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव या तीन भारतीय सदस्यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. एप्रिल १८७५ मध्ये कुशासनाचे कारण दाखवून मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले.