‘हे इथंच घडलं’ : वाटाड्याच्या बोलण्याची पार्श्वभूमी

सकाळी बसमध्ये बसायचं, चार-पाच जुनी स्थळं पाहायची, प्रत्येक ठिकाणी गाइडच्या मागं घोळका करून उभं राहायचं आणि दिवेलागणीला परत. ही एकदिवसीय सहल इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कधीकाळी कुणी जुळवली असेल हे लक्षातही येत नाही. तिचे तुकडे वेगवेगळ्या काळांतून आलेत. त्यातला सगळ्यात चिवट तुकडा म्हणजे गाइडचं बोलणं.

नुसता फेरफटका म्हणाल तर तो फारच जुना. इजिप्तमध्ये सक्कारा इथं जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे. दुसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या 47 व्या वर्षी, म्हणजे सुमारे 3250 वर्षांपूर्वी, हदनख्त नावाचा खजिन्याचा कारकून भावाला घेऊन तिथं आला आणि ‘मेम्फिसच्या पश्चिमेला फिरायला, मन रमवायला आलो’ अशा अर्थाचं भिंतीवर लिहून गेला. पिरॅमिड तेव्हाच चौदाशे वर्षांचा झाला होता. भिंतीवर आपलं नाव लिहायची खोडही तितकीच जुनी, हे ओघानं आलंच.

पण त्या भावांना कुणी काही दाखवत होतं का, हे त्या ओळींत नाही. दाखवणारा माणूस ठळकपणे दिसतो तो अशोकाच्या कथेत. ‘अशोकावदाना’त भिक्खू उपगुप्त सम्राटाला बुद्धाच्या आयुष्यातल्या स्थळांवर घेऊन जातो. लुंबिनीला पोचल्यावर तो उजवा हात उचलून सांगतो, की महाराज, भगवंतांचा जन्म या जागी झाला. ग्रंथ अशोकानंतर काही शतकांनी रचलेला, त्यामुळे तो प्रसंग कथा म्हणूनच घ्यायचा. लुंबिनीचा स्तंभ मात्र खरा आहे. राज्याभिषेकानंतर 20 वर्षांनी राजा स्वतः इथं आला आणि त्यानं पूजा केली, असं त्यावर कोरलंय, आणि कारण दिलंय : ‘हिद बुधे जाते’, इथं बुद्ध जन्मले. ‘हिद’ म्हणजे इथं. वाटाड्याचं सगळं भांडवल या एका शब्दात आहे.

ग्रीसमध्ये दाखवणं हा चक्क पेशा होता, आणि त्याबद्दलच्या तक्रारीही आजच्याच. प्लुटार्क हा डेल्फीच्या देवळाचा पुजारी, म्हणजे घरचाच माणूस. त्याच्या एका संवादात पाहुण्यांना डेल्फी दाखवण्याचा प्रसंग आहे. पाहुणे विनवतात, की जरा आटोपतं घ्या, प्रत्येक शिलालेख वाचू नका. वाटाडे ढिम्म. ठरलेलं भाषण सुरूच. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण त्यात कुणीच वाईट नाही. ज्याला सगळं पाठ आहे त्याला मधूनच थांबता येत नाही, एवढंच.

दुसऱ्या शतकात ग्रीस पालथा घालणारा पौसानियस आणखी एक गंमत नोंदवतो. आर्गोस गावात ट्रॉयहून आणलेली अथेना देवीची मूर्ती म्हणून एक मूर्ती दाखवत. त्याचा त्यावर विश्वास नव्हता. तो म्हणतो, आपण सांगतो ते सगळंच खरं नाही हे तिथल्या वाटाड्यांनाही ठाऊक आहे, तरी ते तेच सांगतात; लोकांची समजूत बदलणं सोपं नसतं. त्याच शतकातला उपहासलेखक ल्युशियन तर फटकळच. असल्या कथा काढून घेतल्या तर वाटाडे उपाशी मरतील, कारण खरं कुणाला फुकटसुद्धा ऐकायचं नसतं, असं त्यानं लिहून ठेवलंय. त्यांच्याही सहा शतकं आधी ग्रीक इतिहासकार हिरोडोटसला गिझाच्या पिरॅमिडवरचा लेख दुभाष्यानं ‘वाचून’ दाखवला होता : मजुरांच्या मुळा, कांदा नि लसणावर 1600 टॅलेंट (हे तेव्हाचं वजनाचं माप) चांदी खर्च झाली. दुभाष्याला ती लिपी वाचता येत होती की पाहुण्यासमोर त्यानं वेळ मारून नेली, कोण जाणे.

मार्ग आखून दिला तो यात्रेकरूंनी. एगेरिया नावाची बाई 381 ते 384 या काळात सिनाई, जेरुसलेम आणि आसपास हिंडली. तिथले साधू तिला एकेक जागा दाखवत, आणि ती जिथं थांबे तिथं बायबलातला त्याच जागेचा उतारा वाचला जाई. म्हणजे हातात ग्रंथ, समोर जागा, शेजारी सांगणारा. मराठीतही याचा एक देखणा भाऊबंद आहे. चौदाव्या शतकातली महानुभावांची ‘स्थानपोथी’ चक्रधरस्वामींच्या वास्तव्याची स्थानं सांगताना देऊळ कुठल्या दिशेला तोंड करून आहे, दार कुठं, याचीसुद्धा नोंद ठेवते. भक्ताला नेमक्या जागी माथा टेकवायचा असतो. तिथं अंदाजपंचे चालत नाही.

जेरुसलेममध्ये पुढं हे काम फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंकडे गेलं. 1342 मध्ये पोपनं त्यांच्याकडे तिथल्या पवित्र स्थळांची राखण सोपवली, आणि व्हेनिसहून जहाजानं येणाऱ्या यात्रेकरूंना फिरवणंही तेच करू लागले. फेलिक्स फाब्री हा जर्मन भाषक साधू 1480 मध्ये आला तेव्हा जेमतेम नऊ दिवस मिळाले. रात्रंदिवस पळापळ झाली, धड विश्रांती नाही. काय पाहिलं हेच मनात ठरेना, म्हणून 1483 मध्ये तो पुन्हा आला. या खेपेला रामला गावात साधूंनी सगळ्यांना नियम वाचून दाखवले. येशूच्या थडग्याचे टवके काढून नेऊ नका. खानदानी मंडळींनी भिंतींवर आपापली कुलचिन्हं रंगवू नयेत. हदनख्तचे वंशज सगळीकडे असतात.

आणि मार्गही दगडात कोरलेला नव्हता. येशूनं क्रूस वाहून नेलेल्या वाटेवरचे 14 थांबे आज लोक श्रद्धेनं चालतात. त्यांची संख्या 1731 मध्ये पोपनं पक्की केली, पण त्यामागची भक्तीची पद्धत घडली होती युरोपात. येणारे जे मनात घेऊन येत, त्याला जुळवून जेरुसलेममधले थांबे हळूहळू ठरत गेले. आर्गोसचे वाटाडे हे ऐकून गालात हसले असते.

पूर्वेकडे अशा वाटाड्या-दुभाष्याला युरोपीय लोक ‘ड्रॅगोमन’ म्हणत. शब्द मूळचा अरबी, ‘तर्जुमान’. आपला ‘तर्जुमा’ त्याच घरचा. इटलीत त्याला ‘चिचेरोने’ म्हणू लागले, रोमन वक्ता सिसेरोसारखा बोलका म्हणून. त्याला टाळायचं तर छापील पुस्तक हवं. 1820 च्या दशकात मारियाना स्टार्क आपल्या प्रवासपुस्तकांत पाहण्याजोग्या गोष्टींपुढं उद्गारचिन्हं देई. जितकी चिन्हं तितकी भारी. पुढं मरे आणि बेडेकर यांची पुस्तकं आली, उद्गारचिन्हांच्या जागी चांदण्या आल्या. काय चुकवायचं नाही हे आधीच ठरू लागलं.

‘एका दिवसात’ ही अट आगगाडीची. 5 जुलै 1841 रोजी इंग्लंडमध्ये थॉमस कुक नावाच्या माणसानं सुमारे 500 माणसं लेस्टरहून लफबरोला नेली आणि त्याच दिवशी परत आणली. स्मारकाचा काही संबंध नव्हता. दारूबंदीची सभा होती. पण घोळका, ठरलेलं भाडं आणि परतीची वेळ हा साचा तयार झाला. 1869 मध्ये कुक स्वतः एक गट घेऊन इजिप्त आणि पॅलेस्टाइनला गेला, आणि फाब्रीची पळापळ आता वेळापत्रकात बसली.

श्रद्धेचं ठिकाण आणि पाहण्याचं ठिकाण एकच असलं की बोलण्याची पंचाईत होते. इस्तंबूलची हागिया सोफिया 537 मध्ये चर्च म्हणून उभी राहिली, 1453 मध्ये मशीद झाली, 1935 मध्ये संग्रहालय, 2020 मध्ये पुन्हा मशीद. आता परदेशी पर्यटक वरच्या सज्जातून पाहतात आणि खाली नमाज चालते. वास्तू तीच, पण गाइडला आवाज कुठं खाली आणायचा हे नव्यानं शिकावं लागलं.

आवाजावरचा तोडगा 1952 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात निघाला होता : कानाला यंत्र, त्यात ध्वनिमुद्रित माहिती. पण ती रेडिओसारखी सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येई, त्यामुळे सगळा घोळका एकदम पुढं सरके. मधूनच थांबवायचं बटण यायला आणखी काही वर्षं लागली.