लिल ॲबनर (चित्रपट)

लिल ॲबनर : अमेरिकन संगीतप्रधान विनोदी चित्रपट (१९५९). पॅरामाउंटची निर्मिती, निर्माता नॉर्मन पनामा, दिग्दर्शक मेल्विन फ्रँक. ॲल कॅप (१९०९–७९) यांच्या त्याच नावाच्या उपरोधिक चित्रमालिकेवर १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर संगीतिका आली आणि तिच्यावरून हा चित्रपट निघाला. १९४० मध्ये आलेला ‘लिल ॲबनर’ हा वेगळा, संगीतिका नसलेला चित्रपट. त्यात बस्टर कीटन दुय्यम भूमिकेत होते. जुन्या सूच्यांत या दोहोंची गल्लत आढळते.

मालिकेचा उगम : मालिका १३ ऑगस्ट १९३४ रोजी सुरू झाली आणि १३ नोव्हेंबर १९७७ रोजी थांबली. डोंगराळ खेड्यातील अडाणी, धिप्पाड नायकाची कल्पना मुळात कोणाची, हा वाद मात्र दोन दशके धुमसत राहिला. कॅप १९३३ च्या सुमारास हॅम फिशर यांच्या ‘जो पलूका’ या मुष्टियोद्ध्याच्या मालिकेत मदतनीस होते. त्या मालिकेत बिग लेव्हिटिकस नावाचा डोंगरी मल्ल आला. फिशर यांच्या गैरहजेरीत तो आपणच रचला, असे कॅप सांगत. फिशर त्याला आपली निर्मिती मानत आणि पुढे ‘मूळचे डोंगरी लोक’ अशी जाहिरात करून त्यांनी ती पात्रे पुन्हा आणली. कॅप यांची स्वतःची कथनेही एकसारखी नाहीत : कधी किशोरवयातील डोंगराळ भागातील भटकंती, तर कधी न्यूयॉर्कच्या रंगमंचावर पाहिलेला डोंगरी वादकांचा ताफा. एप्रिल १९५० मध्ये ‘अटलांटिक मंथली’त कॅप यांनी नाव न घेता फिशर यांच्यावर झोंबरा लेख लिहिला. कॅप यांच्या चित्रांत अश्लीलता दडलेली असल्याचा आरोप फिशर यांनी केला. पुराव्यादाखल दिलेली चित्रे फेरफार केलेली ठरल्याने १९५५ मध्ये व्यंगचित्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांना निलंबित केले. त्याच वर्षी डिसेंबरात फिशर यांनी आत्महत्या केली. लेव्हिटिकस आडदांड आणि खुनशी, तर ॲबनर भोळसट. हा फरक पाहता कॅप यांची बाजू अधिक सयुक्तिक वाटते, जरी डोंगरी पात्राचा साचा रंगभूमीवर दोघांच्याही आधीपासून रूढ होता.

रंगमंचावरून पडद्यावर : ब्रॉडवेवरील संगीतिकेचे संगीत जीन डी पॉल, गीते जॉनी मर्सर, संहिता पनामा व फ्रँक, दिग्दर्शन व नृत्ये मायकेल किड. १५ नोव्हेंबर १९५६ पासून ६९३ प्रयोग झाले; किड यांना नृत्यरचनेसाठी आणि नायिका डेझी मे साकारणाऱ्या ईडिथ ॲडम्स यांना अभिनयासाठी रंगभूमीचे टोनी पुरस्कार मिळाले. चित्रपटात पीटर पामर (ॲबनर), स्टबी के (लग्न लावणारा मॅरिइंग सॅम), हॉवर्ड सेंट जॉन (जनरल बुलमूस) आणि ज्यूली न्यूमार (स्टुपिफाइंग जोन्स) ही मूळ मंडळी कायम राहिली. डेझी मे लेस्ली पॅरिश यांच्याकडे गेली, तर टीना लुईस यांच्या जागी स्टेला स्टीव्हन्स आल्या. किड यांच्या नृत्यरचना डी डी वुड यांनी पडद्यासाठी बसवल्या. संगीत-संयोजनासाठी नेल्सन रिडल व जोसेफ जे. लिली यांना ऑस्कर नामांकन मिळाले.

चित्रीकरण व्हिस्टाव्हिजनमध्ये झाले. या पद्धतीत ३५ मिमी. फिल्म कॅमेऱ्यात आडवी धावते आणि एका चौकटीला नेहमीच्या ४ ऐवजी ८ छिद्रांइतकी लांबी मिळते. फिल्म दुप्पट खर्ची पडते. बदल्यात दाणा बारीक येतो, रेषा स्वच्छ उमटतात. रंगवलेल्या पडद्यांच्या आणि कापीव झाडांच्या सेटवर ही स्वच्छता अंगलट येण्याचा धोका असतो, कारण रंगकाम उघडे पडते. येथे ते लपवलेलेच नाही. कथेतले डॉगपॅच गाव चित्रमालिकेच्या छापील चौकटीसारखे सपाट दिसते. तोटा होतो तो निवांत प्रसंगांत : कॅमेरा प्रेक्षागृहातल्या खुर्चीवर बसल्यासारखा दूर राहतो आणि टाळ्यांसाठी ठेवलेल्या जागा रिकाम्या वाटतात.

कथानक व उपरोध : लास व्हेगासच्या जुगाऱ्यांना नेव्हाडातील अणुचाचण्यांचा त्रास होतो, म्हणून त्या चाचण्यांसाठी देशातील सर्वांत निरुपयोगी गाव म्हणून डॉगपॅचची निवड होते. गाव वाचवायला काहीतरी उपयोगी वस्तू दाखवणे भाग पडते. ती म्हणजे ॲबनरची आई मॅमी यॉकम हिचे फळांचे टॉनिक : मरतुकड्या पुरुषाचा पैलवान होतो, पण बायकोत त्याला काडीचा रस उरत नाही. टॉनिकवर उद्योगपती बुलमूसचा डोळा असतो. शेवटी गाव वाचते ते अमेरिकन यादवी युद्धातील दक्षिणेच्या सेनापती कॉर्नपोनच्या पुतळ्यामुळे; त्याच्या नालायकीमुळे उत्तरेचा फायदा झाला म्हणून लिंकननेच ते राष्ट्रीय स्मारक ठरवलेले असते.

बुलमूसचे हित तेच देशाचे हित, हे गाणे जनरल मोटर्स या मोटार कंपनीचे माजी प्रमुख व संरक्षणमंत्री चार्ल्स विल्सन यांच्या १९५३ च्या उद्गारांवर आहे. मात्र लोकांच्या तोंडी बसलेले वाक्य उलटे आहे. देशाला चांगले ते जनरल मोटर्सला चांगले, असे विल्सन आधी म्हणाले होते आणि उलट बाजू नंतर जोडली होती. चित्रपट डिसेंबर १९५९ मध्ये आला तेव्हा विल्सन पदावर नव्हते आणि अमेरिकेच्या अणुचाचण्याही वर्षभर थांबलेल्या होत्या; रंगमंचावर धारदार असलेला विनोद पडद्यावर थोडा शिळा झाला.

सेडी हॉकिन्स दिन : चित्रपटातील सर्वांत मोठे नृत्य या शर्यतीचे आहे. प्रथा मालिकेत नोव्हेंबर १९३७ मध्ये आली. पस्तिशी गाठूनही लग्न न जमलेल्या सेडीसाठी बापाने काढलेली युक्ती अशी : बंदुकीच्या पहिल्या बारावर अविवाहित पुरुष पळतात, दुसऱ्या बारावर मुली, सूर्यास्तापूर्वी जो सापडेल त्याला लग्न करावेच लागते. दोन बारांमधील अंतर हीच पुरुषांची एकमेव सवलत. चित्रपटात ईव्हिल आय फ्लीगल नजर रोखून ॲबनरला जागच्या जागी थिजवतो आणि डेझी मेचा डाव फसतो. या नजरेचे नाव ‘व्हॅमी’. शब्द कॅप यांनी घडवल्याचे बरेचदा लिहिले जाते. परंतु खेळांच्या बातम्यांत तो त्यांच्या आधीपासून दिसतो, त्यांनी तो १९५० च्या दशकात घरोघरी पोचवला इतकेच म्हणता येते. सेडी हॉकिन्स नृत्य मात्र निःसंशय मालिकेतून आले. अमेरिकन महाविद्यालयांत मुलीच मुलांना निमंत्रण देतात अशा नृत्यसमारंभाला आजही हेच नाव आहे.