हेडफोन, स्पीकर घ्यायला येताना आपली गाणी घेऊन या

मालवणच्या बाजारात आमच्या दुकानात आल्यावर बरेच जण म्हणतात, "लावा कायतरी." आम्ही लावलेलं चांगलंच वाजेल, कारण डेमोची गाणी त्या स्पीकरला शोभतील अशीच निवडलेली असतात. म्हणून विनंती आहे, की पाठ झालेली तीन-चार गाणी फोनमध्ये घेऊन या.

खोक्यावर '२० ते २०,००० हर्ट्झ' (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) छापलेलं असतं. माणसाच्या कानाचा आवाका साधारण तेवढाच. पण त्या पट्ट्यात आवाज कुठे फुगतो आणि कुठे बसतो, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. ते तुमच्या कानाला कळेल, कारण आपल्याकडच्या माणसाने मृदंग आणि टाळ दोन हातांवरून ऐकलेले असतात. चतुर्थीची आरती, डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), दशावतार, कुठेही. मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, तिचा घुमारा खोल असतो, तरी पुढचा बोल सुटा ऐकू येतो. स्पीकरमध्ये दोन बोल एकमेकांत मिसळून नुसतीच घुमघुम येत असेल, तर तो बास, म्हणजे खालचा जाड आवाज, सैल आहे. एक भजनी बुवा आमच्याकडचा सगळ्यात दणदणीत स्पीकर ऐकून म्हणाले होते, "आवाज मोठो हा, पण मृदंग आमचो न्हय." त्यांनी त्याहून लहान स्पीकर नेला. आम्हालाही तोच बरा वाटत होता.

टाळाची किणकिण हळूहळू विरत जायला हवी. ती मध्येच फिसफिसत तुटली, तर आधी फाईल तपासा. कमी बिटरेटच्या, म्हणजे जास्त दाबून लहान केलेल्या, एमपी३मध्ये पहिला बळी टाळ-झांजांचाच जातो. ॲपमध्ये दर्जा सर्वांत वरचा निवडून गाणी घरूनच डाउनलोड करा. रेंज कमी झाली की ॲप बऱ्याचदा आपोआप दर्जा उतरवतं.

एक तरी गाणं कमी वाद्यांचं असू द्या. एमपी३ घडवणाऱ्यांपैकी कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग या जर्मन अभियंत्याने एका गायिकेचं साथीविना गायलेलं गाणं पुन्हा पुन्हा ऐकून आपल्या पद्धतीतले दोष काढले होते. माणसाचा गळा आपल्या इतका ओळखीचा असतो, की त्यात जरा बिघडलं तरी खटकतं. गाणारी व्यक्ती सर्दी झाल्यासारखी किंवा मडक्यात तोंड घालून गातेय असं वाटलं, तर ते हेडफोन ठेवून द्या.

जुनं नाट्यगीत आणलंत तरी उत्तम. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर खोल बास जवळजवळ नाहीच. तिथेही खालचा आवाज घुमू लागला, तर तो स्पीकरने पदरचा घातला असं समजा.

ऐकताना फोन एकच ठेवा, इक्वलायझर आणि बास बूस्ट (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या फोनमधल्या सोयी) बंद करा. आणि ज्या दोन वस्तूंची तुलना करताय, त्या दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. यावर आम्ही अडून बसतो. एक-दोन डेसिबलने मोठं वाजणारं 'मोठं' वाटत नाही, 'चांगलं' वाटतं, आणि त्या भरात चुकीची खरेदी होते. कानात घालायचे इअरबड असतील, तर रबरी टोपणं तिन्ही मापांची लावून पाहा. टोपण सैल बसलं की बास निघून जातो आणि दोष मात्र इअरबडच्या माथी येतो.

दुकानात खोकी, पडदे, माणसं असतात. घरी चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती आणि खाली लाद्या, त्यामुळे तोच स्पीकर कर्कश वाटू शकतो. कोपऱ्यात ठेवला तर बास वाढतो. भिंतीपासून हातभर पुढे ओढून तेच गाणं पुन्हा ऐका. समाधान झालं नाही, तर 3 दिवसांत आणून द्या, आम्ही बदलून देऊ. समुद्रालगत घर असेल, तर वायरींची तांब्याची टोकं हिरवी पडतात. पावसाळ्यानंतर ती कापून नवी सोलून घ्या.

दुपारी 2 ते 4 बाजार शांत असतो, तेव्हा आलात तर बरं. सध्या वापरता तो हेडफोनही बरोबर आणा. नव्याची तुलना आधी त्याच्याशीच करू.